गिलावा, पहिला हात

मुहर्रकमधला शुक्रवार.
साडेचार वाजले तरी ऊन उतरायचं नाव घेत नाही.
मागच्या अंगणात, वॉशिंग मशीनमागे,
उघड्या ब्लॉकची भिंत.
दोन चाळीस गुणिले तीन दहा,
वजा काही नाही, दार-खिडकी नाहीच,
सात पूर्णांक चव्वेचाळीस चौरस मीटर.
हे मला बघताक्षणी येतं.
एकोणीस वर्षं दुसऱ्यांचा गिलावा मोजत आलोय.

अबू राशिद म्हणाला, करून घे, भाड्यातून वळते करतो.
म्हटलं, करून कशाला घेऊ?
करतो.

नयना रात्रपाळीहून आलेली, चहा हातात.
ती हाडांच्या वॉर्डात, प्लास्टर तिचंही रोजचं.
म्हणाली, आधी भिंत भिजव,
कोरड्यावर काही धरत नाही.
आणि झोपायला गेली.

एकाला चार.
पाणी बेतानं, असं मी साइटवर कितीदा ओरडलो असेन.
इथे बेतच लागेना:
एकदा पेज झाली, एकदा लाडू.
थापी भरली, मनगट फिरवलं,
पाहून पाहून पाठ झालेलं तसं.
थप्प.
धरलं!
मोजून तीन सेकंद.
मग सगळं माझ्या चपलेवर.

वरच्या गॅलरीतून रोमेलनं अंगठा दाखवला.
कशाला, ते त्यालाच ठाऊक.

ओळंबा म्हणून दोरीला नट बांधला,
तर खाडीवरचा वारा त्याला झुलवतोय.
वारा पडेपर्यंत
भिंत सरळ की वाकडी, कोण सांगणार?
डोक्यावरून विमान उतरतं, इतकं खाली
की चाकं मोजावीत.
मी मोजतोही.

हिद्दच्या साइटवर, चौथ्या मजल्यावर,
खोकन होता, नोआखालीचा.
अंगठ्याचं नख सिमेंटनं खाल्लेलं.
सकाळी तोंडात पान, आणि दुपारपर्यंत
अख्खी खोली गुळगुळीत.
त्याच्या भिंतीला मी दोन मीटरची पट्टी लावली.
पट्टीखाली एका जागी उजेड दिसला,
तीन मिलिमीटर उजेड.
अकरा दिनार कापले.
नियमात होतं.
तो म्हणाला, "साब, दीवार है, काँच नहीं."
मी मान वर न करता सही केली,
चांगली वळणदार.

रात्री आठला दुसरा हात.
बोटांच्या बेचक्यांत सिमेंट चावतंय,
पानातला चुना जास्त झाल्यासारखं.
गुरमाळा गोल फिरवायचा, जोर द्यायचा नाही,
हे कळेस्तोवर
अर्धी भिंत माझ्या जोराच्या खुणांनी भरली.
खांदा म्हणतो, बिल कर आणि सुट.

पुढे सात दिवस पाणी.
एसीच्या नळीखाली बादली ठेवली,
या हवेत ती तासाभरात भरते.
सकाळ-संध्याकाळ मी तेच भिंतीवर मारतो,
ओल्या सिमेंटचा वास येतो,
पण तो कामाचा वास वाटत नाही अजून,
तपासणीचाच वाटतो.

आठव्या दिवशी न राहवून पट्टी लावली.
उजेड कसला,
खालून मांजर जाईल एवढी पहाट.
बोटांच्या पेरांनी ठोकत गेलो:
ठक. ठक. ठक.
ढब.
डावीकडे, कमरेच्या उंचीला,
चार बोटं जागा पोकळ.
खिशात खडू असतोच. वर्तुळ केलं,
जसं लोकांच्या भिंतींवर करतो.

अबू राशिद आला, तळवा फिरवला,
"झेन, झेन," म्हणाला,
आणि सगळे पैसे वळते केले.
त्यानं पट्टी आणलीच नव्हती.

खोकनचा जुना नंबर लावून पाहिला.
एका मलयाळी मुलानं उचलला,
फार नम्रपणे म्हणाला, राँग नंबर, सर.

नयनानं विचारलं, हा गोल कसला?
म्हटलं, असाच.
तिनं मशीन परत जागेवर ढकललं.
गोल झाकला गेला.

आता शुक्रवारी कपडे पिळायला लागले
की मशीन थरथरत मागे सरकतं, भिंतीला टेकतं,
आणि सात पूर्णांक चव्वेचाळीसपैकी
तेवढी चार बोटं बोलतात.